'सरल': एका वृक्षवाचक शब्दाचा अर्थविचार

'मेघदूता'त हिमालयातील वणव्याचे कारण म्हणून 'सरल' वृक्षांच्या बुंध्यांचे घर्षण उल्लेखिले आहे. कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कराडात हे काव्य अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्याची येथील अडचण दुहेरी आहे. वृक्ष अपरिचित, तर शब्द अतिपरिचित. पाइनच्या जातीचा हा वृक्ष सह्याद्रीत निसर्गतः वाढत नाही. 'सरळ' हा शब्द मात्र मराठीत विशेषण म्हणून पूर्णपणे रुळला आहे. त्यामुळे 'सरळ वाढलेली झाडे' असा अर्थ सहज केला जाण्याचा संभव असतो. तो व्याकरणाला खटकत नाही, म्हणूनच अधिक फसवा होय.

टीकेचा आधार घ्यावा, तर मल्लिनाथ येथे 'सरल' म्हणजे देवदारु असे सांगतो. अमरकोशात मात्र या दोन वृक्षांची नामावली स्वतंत्र आहे. 'पूतिकाष्ठ' हा पर्याय तेवढा दोहोंकडे येतो. संभ्रमाचे बीज कदाचित त्यातच असावे. कालिदासानेही दोन्ही शब्द स्वतंत्रपणे योजले आहेत. 'रघुवंशा'च्या दुसऱ्या सर्गात शंकराने पुत्रवत् मानलेला वृक्ष देवदारु आहे. 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात हत्तींनी गंडस्थळे घासल्यावर ज्याचा चीक पाझरून शिखरे सुगंधित होतात, तो सरल आहे. राळेने भरलेले असे लाकूड चटकन पेट घेते, हे ध्यानी घेतले म्हणजे 'मेघदूता'तील वणवाही नुसता कविसंकेत राहत नाही.

मग मराठी अनुवादकाने कोणता शब्द घ्यावा? 'देवदार' घेतल्यास दोन वृक्षांतील भेद लोपतो. शिवाय बाजारपेठेतील 'देवदारी खोक्या'मुळे त्या शब्दास हलक्या लाकडाची छटा चिकटली आहे. 'सुरू' हा शब्द फारसीतील 'सर्व' या वृक्षनामाशी जुळणारा. परंतु मराठीत तो ऑस्ट्रेलियाकडून आलेल्या, कोकणच्या किनाऱ्यावर लावलेल्या निराळ्याच झाडाचा वाचक आहे. हिंदीतील 'चीड' स्वीकारावा, तर मराठी वाचकास प्रथम संताप आठवतो.

यावरील तोड कालिदासाच्याच शब्दांत सापडते. 'कुमारसंभवा'त त्याने 'सरलद्रुम' असा समास योजला आहे. त्या धर्तीवर 'सरलवृक्ष' म्हटल्यास विशेषणाचा भ्रम बराचसा दूर होतो. उरलेला एका ओळीच्या टीपेने निवारता येईल. वृक्षाचे नाव गमावले, तर वणव्याचे कारणही गमावते. आणि मग अनुवादात शब्द राहतात, अरण्य राहत नाही.