सोलपटातले रंग

मेक्सिकन डिझायनर फर्नांदो लापोसे यांची ‘तोतोमोश्तले’ ही टाइल मक्याच्या कणसावरच्या सोलपटांची आहे. पाहताक्षणी नजर जाते ती रंगांवर: गर्द जांभळा, लालसर, फिकट गुलाबी, सायीसारखा पांढरा. यातला एकही रंग वरून चढवलेला नाही. कणसावरून सोलपट ज्या रंगाचं उतरलं, त्याच रंगाने ते भिंतीवर येतं. जांभळा कुठे दाटतो, कुठे विरतो. दोन तुकडे तंतोतंत सारखे मिळत नाहीत.

सोलपट मुळात वाकडं आणि हातभरही नाही. ते इस्त्रीने सपाट करायचं, कागदाच्या लगद्याच्या किंवा कापडाच्या अस्तरावर चिकटवायचं, मग त्याचे छोटे भौमितिक तुकडे कापून लाकडी जडावकामासारखे शेजारी शेजारी बसवायचे. सलग मोठा पत्रा निघत नाही, ही या मालाची उणीव. लापोसे यांनी तिचीच नक्षी केली. सोलपटाच्या शिरा उभ्या धावतात. शेजारचा तुकडा जरा फिरवून बसवला की त्याच्यावर उजेड वेगळा पडतो आणि एकाच रंगाच्या दोन छटा दिसू लागतात. मला या कामातली सर्वांत देखणी जागा हीच वाटते.

पण हे रंग येतात कुठून? बाजारातल्या संकरित मक्याचं सोलपट फिकट, एकसुरी. जांभळं-तांबडं सोलपट देतात ते मेक्सिकोचे देशी वाण. मका माणसाने पहिल्यांदा पिकवला तो याच भूमीत, सुमारे ९,००० वर्षांपूर्वी. पुढे संकरित बियाणं आलं; १९९४च्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारानंतर स्वस्त अमेरिकी मकाही आला. पुएब्ला राज्यातल्या तोनाविश्तला या मिश्तेक आदिवासी समाजाच्या गावाची जमीन धुपली, माणसं पोटासाठी बाहेर पडली, जुनं बियाणं हातचं गेलं. ते पुन्हा मिळालं सिमिट या आंतरराष्ट्रीय मका-गहू संशोधन केंद्राच्या बीजपेढीतून. २०१६पासून लापोसे या गावाबरोबर काम करत आहेत.

म्हणून या टाइलचा रंग मला निव्वळ शोभेचा वाटत नाही. शेतात एकच वाण उरला, तर भिंतीवरही एकच रंग उरेल. नक्षी टिकवायची, तर वाण टिकवावेच लागतात. टाकाऊतून टिकाऊच्या नावाखाली भुसा रेझिनमध्ये कोंबून केलेल्या कितीतरी फरशा निघतात. तो भुसा भाताचा की उसाचा, हे पाहून सांगता येत नाही. इथे पीक लपवलेलं नाही, त्यालाच पुढे केलं आहे.

ही टाइल पायाखाली घालायची नाही, न्हाणीघरातही लावायची नाही. तिची जागा घरातली भिंत किंवा फर्निचर. एवढ्या हातकामामुळे ती घाऊक मालही होणार नाही, आणि होऊ नये असंच मला वाटतं. कणसं सोलण्यापासून सोलपटं चिकटवण्यापर्यंतचं काम गावातच होतं. त्याची मजुरी गावात राहते, आणि दाणे खायला घरातच राहतात.