मृताचा चेहरा आणि क्षमेचा अधिकार
आसिमोव्ह यांच्या यंत्रमानव-कादंबऱ्यांतील रहस्य, प्रणय व श्रद्धा

रहस्यकथा, प्रणयकथा आणि धर्मश्रद्धेची कथा ह्या तिन्हींची प्रकृती परस्परांहून भिन्न आहे. रहस्यकथेला कार्यकारणांची अखंड साखळी लागते. प्रणयकथेत एका व्यक्तीच्या जागी दुसरी व्यक्ती चालत नाही. श्रद्धा तर पुराव्यापाशी थांबतच नाही; पुरावा संपतो तेथून तिचा प्रदेश सुरू होतो. ह्या तिन्हींना विज्ञानकादंबरीच्या एका चौकटीत आणण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले आहेत; परंतु अशा ठिकाणी बहुधा एकीचे राज्य चालते आणि उरलेल्या दोघी तिच्या दासी होऊन राहतात. आयझॅक आसिमोव्ह (१९२०–१९९२) यांच्या यंत्रमानव-कादंबऱ्यांत तसे होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते का होत नाही आणि त्यासाठी आसिमोव्ह यांना कोणती किंमत मोजावी लागली आहे, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

ह्या लेखासाठी तीन कादंबऱ्या घेतल्या आहेत. ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ ही १९५३ साली ‘गॅलक्सी’ मासिकातून क्रमशः आली व १९५४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ‘द नेकेड सन’ हिचे ग्रंथप्रकाशन १९५७ सालचे. ‘द रोबॉट्स ऑफ डॉन’ ही पंचवीसहून अधिक वर्षांनी, १९८३ साली आली. तिन्हींत अन्वेषण करणारी जोडी एकच आहे : न्यूयॉर्कचा पोलीस अधिकारी एलायजा बेली आणि त्याचा सहकारी, हुबेहूब माणसासारखा दिसणारा यंत्रमानव आर. डॅनिल ऑलिव्हॉ.

विज्ञानकथा आणि रहस्यकथा यांचे सूत जमणार नाही, कारण ऐनवेळी एखादे अद्भुत यंत्र पुढे करून लेखक कोणतेही रहस्य सोडवू शकेल व वाचकाची फसवणूक होईल, असा आक्षेप घेतला जात असे. आसिमोव्ह यांनी ह्या आक्षेपाला दिलेले उत्तर सर्वपरिचित आहे. १९४२ सालच्या ‘रनअराउंड’ ह्या कथेत स्पष्टपणे मांडलेले यंत्रमानवाचे तीन नियम त्यांनी कादंबरीच्या मुळाशी घातले. यंत्रमानव मनुष्याला इजा करणार नाही वा होऊ देणार नाही. ह्या नियमाला बाध येत नसेल तर तो मनुष्याची आज्ञा पाळील. आणि ह्या दोहोंना बाध येत नसेल तर स्वतःचे रक्षण करील. हे नियम वाचकाला आरंभीच ठाऊक असल्यामुळे डाव उघड्या पटावर खेळला जातो. ह्या कादंबऱ्यांची चर्चा बहुधा नियमांच्या ह्या कौशल्यापाशीच थांबते. परंतु खून कोणी केला ह्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर, सापडलेल्या अपराध्याचे काय करावयाचे हा दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर त्या तीन नियमांत नाही. आसिमोव्ह यांच्या कादंबऱ्यांत प्रणयाला आणि श्रद्धेला प्रवेश मिळतो तो ह्या दुसऱ्या प्रश्नाच्या दारातून.

पहिल्या कादंबरीचे कथानक थोडक्यात असे. पृथ्वीवरील माणसे पोलादी छपरांखालच्या अवाढव्य नगरांत राहतात. उघड्या आकाशाचे त्यांना भय वाटते. नगराशेजारच्या अंतराळवासीयांच्या वसाहतीत डॉ. सार्टन या शास्त्रज्ञाचा खून होतो. सार्टन यांनी डॅनिलला स्वतःच्या रूपाप्रमाणे घडविलेले असते. म्हणजे बेलीबरोबर हिंडणारा सहकारी मृत मनुष्याचाच चेहरा घेऊन हिंडत असतो. अपराधी निघतो तो बेलीचा वरिष्ठ, पोलीस आयुक्त एंडरबी. त्याला मनुष्यहत्या करावयाची नव्हती. डॅनिलचा नाश करावयाचा होता. जुन्या काळाच्या ओढीने तो वापरत असलेला चष्मा ऐन क्षणी खाली पडून फुटला, आणि समोर उभा आहे तो यंत्रमानव नसून त्याचा निर्माता आहे, हे त्याला दिसले नाही. काचेच्या बारीक तुकड्यांवरून रहस्य उलगडते. रहस्यकथा म्हणून ही रचना निर्दोष आहे. परंतु तिचा खरा अर्थ तिच्या शेवटी आहे, आणि त्याकडे जाण्याचा मार्ग बेलीच्या घरातून जातो.

बेलीच्या पत्नीचे नाव जेसी. पण तिचे जन्मनाव जेझेबेल, म्हणजे मराठी बायबलातील ईजबेल. अहाब राजाची ही राणी पापाची मूर्ती म्हणून प्रसिद्ध आहे. एलीया हा तिचा वैरी संदेष्टा. एलायजा व जेझेबेल ही नावे पतिपत्नीला देण्यात योजना आहे, हे सांगावयास नको. साधेसुधे, नियमित आयुष्य कंठणाऱ्या जेसीला आपल्या नावातील त्या पापी झळाळीचा मनातून अभिमान असतो. एकदा रागाच्या भरात बेली तिला ऐकवितो की ग्रंथातील ईजबेल तशी नव्हतीच. ती आपल्या परीने पतिनिष्ठ होती आणि आपल्या पूर्वजांच्या धर्माला चिकटून राहिली, इतकेच. युक्तिवाद बरोबर असतो, आणि नेमका म्हणूनच तो जेसीच्या वर्मी लागतो. ज्या नावाने तिला किंचित स्वप्न दिले होते ते नाव ती पुन्हा घेत नाही. पुढे ती भूतकाळाची पूजा करणाऱ्या एका गुप्त मंडळाकडे ओढली जाते, आणि त्यामुळे संशयाचे जाळे थेट बेलीच्या घरापर्यंत येते. ह्या छोट्या प्रसंगात प्रणय, धर्मग्रंथ आणि रहस्य ही तिन्ही सूत्रे एकाच गाठीत आलेली आहेत. शिवाय बेलीच्या हातून काय घडले हेही ध्यानात घेतले पाहिजे : त्याने धर्मग्रंथ पुराव्यासारखा वाचला, आणि खरे सांगून दुखावले.

डॅनिलच्या बुद्धीत न्यायाची ओढ घातलेली आहे. पण न्याय म्हणजे काय असे विचारले असता, सर्व कायद्यांची अंमलबजावणी होणे ह्यापलीकडे त्याला सांगता येत नाही. कायदाच अन्यायी असू शकतो ही गोष्ट त्याला शब्दांचा घोटाळा वाटते. ह्यावर बेली त्याला योहानाच्या शुभवर्तमानातील व्यभिचारी स्त्रीची कथा सांगतो. शास्त्राप्रमाणे तिला धोंडमार व्हावयाची. येशू तिला दोषी ठरविण्याचे नाकारतो आणि पुन्हा पाप न करण्यास सांगून जाऊ देतो. बेली काही धर्मनिष्ठ पुरुष म्हणून रंगविलेला नाही, आणि आसिमोव्ह तर निरीश्वरवादी होते. तथापि त्यांनी १९६८–६९ मध्ये बायबलवर दोन खंडांचा मार्गदर्शक ग्रंथ लिहिला, हे विसरून चालणार नाही. ग्रंथ त्यांना परका नव्हता. न्यायापलीकडे काही आहे हे यंत्राला पटवून देण्यासाठी त्यांना भौतिकशास्त्रातून दृष्टान्त मिळाला नाही, धर्मग्रंथातून मिळाला, ही गोष्ट त्यांनी लपविलेली नाही.

कादंबरीच्या अखेरीस एंडरबी पकडला जातो. अनिष्टाचा नाश करण्यापेक्षा त्याचे इष्टात रूपांतर करणे अधिक न्याय्य आहे, असे आता आपणास दिसू लागले आहे, असे डॅनिल म्हणतो, आणि शुभवर्तमानातील त्याच वचनाने एंडरबीला निरोप देतो. हे वाक्य कोणत्या मुखातून येते याचा विचार केला म्हणजे त्याचे वजन कळते. डॅनिलचा चेहरा मृत सार्टनचा आहे. एंडरबीच्या दृष्टीने, ज्याला त्याने मारले तोच समोर उभा राहून क्षमा करीत आहे. शिवाय एंडरबीला नष्ट करावयाचे होते ते डॅनिललाच. म्हणजे संकल्पाच्या दृष्टीने पाहिले तर ज्याच्यावर अपराध झाला तोही हाच. ह्या दुहेरी नात्याने डॅनिलला क्षमेचा अधिकार पोहोचतो असे वाटते. परंतु चेहरा म्हणजे मनुष्य नव्हे. प्राण गेला तो सार्टनचा, आणि सार्टनला कोणी विचारलेले नाही.

हा आक्षेप मूळ कथेलाही लागू पडतो असे कोणी म्हणेल. तेथेही त्या स्त्रीच्या पतीला कोणी विचारीत नाही. पण शुभवर्तमानाच्या वाचकाच्या दृष्टीने क्षमा करणारा सर्व अपराधांचा अंतिम धनी आहे. त्याचा अधिकार श्रद्धेने मान्य झालेला आहे. ती श्रद्धा काढून घेऊन केवळ वाक्य ठेवले तर त्याला आधार कशाचा, हा प्रश्न राहतो. आसिमोव्ह यांनी दिलेला आधार व्यवहाराचा आहे : जुन्या काळाची ओढ असणाऱ्या लोकांना परग्रहांवरील नव्या वसाहतींच्या बाजूस वळविण्याचे काम एंडरबीने करावयाचे, आणि त्या बदल्यात खटला व्हावयाचा नाही. वचन धर्माचे, आणि त्याखाली करार राजकारणाचा, अशी ही क्षमा आहे.

तुलनेसाठी दोन कृती उपयोगी पडतील. आल्फ्रेड बेस्टर यांच्या ‘द डिमॉलिश्ड मॅन’ ह्या कादंबरीत, जिला १९५३ साली पहिला ह्यूगो पुरस्कार मिळाला, अपराधी सापडल्यावर त्याचे व्यक्तिमत्त्व शास्त्रीय उपायांनी मोडून नव्याने घडविले जाते. तेथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही विज्ञानच देते. क्षमेची गरजच पडत नाही. दुसरी कृती मराठी वाचकाला देवलांच्या रूपांतरामुळे जवळची झालेली : ‘मृच्छकटिक’. तेथेही प्रणय आहे, हत्येचा आरोप आहे, वसंतसेनेला वाचविणारा बौद्ध भिक्षू आहे, आणि अखेरीस शरण आलेल्या शकाराला अभय आहे. पण ते अभय चारुदत्त देतो. जो त्या आरोपामुळे वधस्तंभापर्यंत गेला होता तो स्वतः. आणि वसंतसेना जिवंत समोर उभी आहे. त्या क्षमेला करार लागत नाही, कारण ती देणाऱ्याचा अधिकार कोणी शंकू शकत नाही. आसिमोव्ह यांच्या कादंबरीत खून खरोखरच झालेला आहे, आणि म्हणून तेथील क्षमा अधिक कठीण आहे.

‘द नेकेड सन’मध्ये हीच समस्या प्रणयाच्या बाजूने येते. सोलारिया ह्या ग्रहावर वीस हजार माणसे, आणि दर माणसामागे दहा हजार यंत्रमानव. माणसे परस्परांना प्रतिमारूपाने पाहतात. प्रत्यक्ष सान्निध्य त्यांना किळसवाणे वाटते. रिकेन डेलमार याचा खून होतो. यंत्रमानव खून करू शकत नाही. पण एकेक निरुपद्रवी कृती वेगवेगळ्या आज्ञांनी करवून घेतल्यास तो नकळत खुनाचे साधन होऊ शकतो, ही लीबिग ह्या शास्त्रज्ञाची युक्ती असते. प्रत्यक्ष आघात मात्र, क्रोधाच्या भरात आणि यंत्रमानवाने पुढे केलेल्या त्याच्याच सुट्या हाताने, डेलमारची पत्नी ग्लाडिया हिने केलेला असतो. बेलीला ते कळते, आणि सोलारियावर तो ते उघड करीत नाही. निरोपाच्या वेळी ग्लाडिया उघड्या हाताने त्याच्या गालाला स्पर्श करते. ज्या समाजात स्पर्शच निषिद्ध आहे तेथे ह्या एका कृतीत संपूर्ण प्रणय सामावलेला आहे. येथील क्षमेमागे कोणताही करार नाही. म्हणून ती पहिलीपेक्षा शुद्ध वाटते. परंतु ती पक्षपाती आहे हेही तितकेच खरे. ग्लाडियाच्या जागी बेलीला न आवडणारी दुसरी एखादी स्त्री असती तर त्याने मौन पाळले असते काय?

‘द रोबॉट्स ऑफ डॉन’मध्ये नष्ट होतो तो जँडर नावाचा यंत्रमानव, ज्याला ग्लाडियाने मनाने पती मानले होते. लोकांसमोर बेली एक उलगडा ठेवतो; खरा कर्ता जिस्कार्ड हा यंत्रमानव आहे, हे सत्य तो आपल्यापाशीच ठेवतो. जिस्कार्डने ते मानवजातीच्या भविष्यासाठी केले, आणि त्याच्या हेतूवर बेली विश्वास ठेवतो. देव नसलेल्या विश्वात श्रद्धेचे हे शेवटचे रूप म्हणावयास हरकत नाही : आपणांस न दिसणारे हित दुसऱ्या कोणाला दिसते आहे असे मानणे. पण जिस्कार्डला मने वाचता येतात आणि किंचित वळविताही येतात. ज्याच्या हाती क्षमा करणाराचे मन आहे, त्याला मिळालेली क्षमा स्वतंत्र म्हणता येईल का? आसिमोव्ह हा प्रश्न उघडपणे पुढे नेत नाहीत. पण तो उपस्थित करण्यास लागणारी सर्व सामग्री त्यांनी वाचकाच्या हाती प्रामाणिकपणे दिलेली आहे.

तीन कादंबऱ्यांत अशा प्रकारे क्षमेचे तीन आधार दिसतात : पहिल्या कादंबरीत धर्मवचन आणि त्याखालचा करार, दुसऱ्या कादंबरीत प्रेम, आणि तिसऱ्या कादंबरीत हितकर्त्या शक्तीवरील विश्वास. प्रत्येक ठिकाणी बुद्धी अपराधी शोधून काढते आणि तेथे तिचे काम संपते. त्यापुढील पाऊल टाकण्यासाठी तिला स्वतःबाहेरचा आधार घ्यावा लागतो. ह्या कारणामुळे येथे प्रणय आणि श्रद्धा ही रहस्याला चिकटविलेली अलंकरणे ठरत नाहीत. जेम्स ब्लिश यांच्या ‘अ केस ऑफ कॉन्शन्स’ (१९५८) मध्ये एक जेझुइट पाद्री नायक आहे आणि श्रद्धेचे संकट हाच कादंबरीचा विषय आहे. तेथे श्रद्धेची चर्चा अधिक खोल आहे यात शंका नाही. परंतु श्रद्धा न मानणाऱ्या लेखकाला, स्वतः रचलेल्या तर्कशुद्ध रहस्याच्या शेवटी, धर्मग्रंथातील वचन उसने घ्यावे लागते, ही घटना मला त्याहून अधिक विचारात टाकणारी वाटते.

किंमत मोजली जाते ती मृतांच्या खात्यावर. सार्टन, डेलमार आणि जँडर ह्या तिघांपैकी एकाच्याही वतीने कोणी बोलत नाही. इतकेच नव्हे, तर पहिल्या कादंबरीत आपला माग पुसून टाकण्यासाठी एंडरबीने नष्ट केलेला आर. सॅमी हा साधा यंत्रमानव शेवटच्या हिशेबात येतही नाही. जुनी रहस्यकथा अपराध्याला शिक्षा देऊन मृताचे ऋण फेडीत असे. ते फेडणे ढोबळ होते, पण ऋण मान्य होते. आसिमोव्ह यांनी शिक्षेच्या जागी क्षमा आणली तेव्हा त्यांनी ह्या कथाप्रकाराला अधिक मानवी केले. मात्र मृताचे ऋण कोणाच्या नावे लिहावयाचे हे ठरविले नाही. डॅनिलला त्यांनी सार्टनचा चेहरा दिला, त्याअर्थी हा प्रश्न त्यांना जाणवला असावा. विज्ञान, रहस्य आणि श्रद्धा एकत्र आणू पाहणाऱ्या पुढील लेखकाने, आणि अशा कादंबऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने, खुनी कोण हे कळल्यानंतरची पाने पुन्हा एकदा वाचावीत आणि तेथे क्षमा कोणाच्या वतीने केली जात आहे हे तपासावे.