‘कृत’ की ‘अनुसार’?

मराठी पवित्र शास्त्रात नव्या कराराचे पहिलेच शीर्षक ‘मत्तयकृत शुभवर्तमान’ असे आहे. ग्रीक हस्तलिखितांत मात्र ‘काता मत्थायोन’, म्हणजे ‘मत्तयानुसार’, एवढेच आढळते. आमच्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन तरुणाने मला विचारले, “फादर, मत्तयाने ते लिहिलेच नसेल, तर रविवारी आम्ही ऐकतो तरी काय?” प्रश्न उद्धट नव्हता, उत्तर देणे भाग होते.

चारही शुभवर्तमानांच्या मजकुरात कर्ता स्वतःचे नाव सांगत नाही. चारही नावे एकत्रितपणे स्पष्ट भेटतात ती इसवी सन १८०च्या सुमारास, संत इरेनियस यांच्या लेखनात. मत्तयाच्या ग्रंथात मार्काचे बहुतेक प्रसंग, पुष्कळदा त्याच शब्दांत, येतात. स्वतः साक्षीदार असलेल्या प्रेषिताने असे का करावे, ही अभ्यासकांची शंका रास्त आहे. पण मार्क आणि लूक हे बारा प्रेषितांपैकी नव्हते, तरी परंपरेने त्यांचीच नावे जपली, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

हे उमगण्यासाठी विदर्भातील वाचकाला दूर जावे लागत नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी शिष्यांना विचारून रिद्धपूरला ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मूळ पोथी नष्ट झाल्यावर महानुभावांनी ते स्मरणातून पुन्हा उभे केले. त्यातून निरनिराळे पाठ निर्माण झाले. नागपूरचे डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली त्याची आवृत्ती १९७८ साली प्रसिद्ध झाली. पाठभेदांमुळे चक्रधरस्वामी खोटे ठरले नाहीत. उलट, पंथाने आपली स्मृती किती निष्ठेने राखली, हे दिसून आले.

ख्रिस्तसभेची भूमिकाही अशीच आहे. १९६४ साली बायबल आयोगाने तीन टप्पे सांगितले: प्रभू येशूचे कार्य, प्रेषितांची घोषणा आणि शुभवर्तमानकारांचे लेखन. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शुभवर्तमानांचा उगम प्रेषितांपासून असल्याचे ठामपणे सांगितले.

म्हणून माझा आक्षेप ‘कृत’ या शब्दाला आहे. तो काव्याला शोभतो, साक्षीला नाही. ‘अनुसार’ म्हटले की एका नावामागे पाहणारे, सांगणारे, जपणारे आणि लिहिणारे असे सारेच उभे राहतात. त्या तरुणाला मी म्हणालो, “रविवारी आपण त्या सर्वांची साक्ष ऐकतो.” शीर्षकातल्या नावापाशी अडून राहू नये, आणि ते पुसूही नये.