बिनस्वाराचा घोडा

मुंबईच्या माणसाला आठवड्याचे सहा दिवस मुंबई दिसत नाही. तो तिच्यातून जातो. गाडीच्या दांडीला लोंबकळत आणि पुढच्या माणसाच्या मानेकडे पाहत जो शहरातून जातो, त्याला शहर दिसावे कसे? ते दिसायचे तर रविवारीच. आमच्या लहानपणी गिरगावात रविवारचा हिशोब साधा होता: दुपारची झोप, संध्याकाळी चौपाटी आणि वर्षातून एकदोनदा राणीचा बाग. शहर ही पाहण्याची वस्तू आहे असे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. आम्ही त्यात राहत होतो, एवढेच.

हल्ली मात्र चित्र पालटले आहे. शनिवार-रविवार आला की मुंबईत काही ना काही असतेच. जानेवारीत मॅरेथॉन असते. ती २००४ पासून चालू आहे. थंडीच्या दिवसांत जुन्या इमारती दाखवणाऱ्या पायी सहली निघतात. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते मोटारींना बंद करून माणसांना मोकळे करून देण्याचा उपक्रम सुरू केला. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या आरंभी भरणारा, नऊ दिवस चालणारा काळा घोडा कला महोत्सव. मुंबईकरांचा नगराभिमान जागा झाल्याची ही लक्षणे आहेत, असे जो तो म्हणतो. आपण नाटकाचे परीक्षण करतो, पुस्तकाचे करतो. मग या अभिमानाचेही एकदा परीक्षण का करू नये? तेवढ्यासाठी हा लेख. माझी टीका थोडी आंबट वाटली तर वाचकांनी ती फराळातल्या चिवड्यातले आमसूल समजून गोड मानून घ्यावी.

प्रथम या महोत्सवाच्या नावाची गोष्ट सांगतो, कारण तीच मला महोत्सवाहून अधिक आवडते. १८७५ साली इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, मुंबईस आला. त्या भेटीची आठवण म्हणून आल्बर्ट ससून या धनिकाने त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला. जोसेफ एडगर बोम या शिल्पकाराने घडवलेला तो पुतळा १८७९ मध्ये फोर्टात उभा राहिला. पुतळा युवराजाचा होता, घोडा त्याच्या बुडाखाली होता. पण मुंबईच्या लोकांनी नाव घेतले ते घोड्याचे! युवराज पुढे सम्राट झाला, तरी त्या जागेला कोणी त्याचे नाव दिले नाही. ती जागा काळा घोडाच राहिली. सम्राटाची याहून सभ्य शब्दांत केलेली थट्टा मला ठाऊक नाही.

पुढे स्वराज्य आले आणि १९६५ मध्ये तो पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. त्यानंतर बावन्न वर्षे काळा घोडा येथे घोडा नव्हता. तरीही टॅक्सीवाल्याला 'काळा घोडा' म्हटले की तो बरोबर तेथेच आणून सोडी. शेजारच्या रॅम्पार्ट रोचेही तसेच. फोर्टाचा तट १८६० नंतरच्या दशकात पाडला गेला, रस्त्याला कागदोपत्री के. दुभाष मार्ग असे नाव मिळाले, तरी तटाची आठवण लोकांच्या जिभेवर टिकून आहे. १९९९ मध्ये पहिला महोत्सव भरला तेव्हाही घोडा जागेवर नव्हताच. त्याच्या नुसत्या नावावर ही जत्रा उभी राहिली. मग २०१७ मध्ये त्या परिसरात नवा घोडा आला. शिल्पकार श्रीहरी भोसले यांच्या या घोड्याच्या पाठीवर कोणीही बसलेले नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत एका रविवारी मी माझ्या नऊ वर्षांच्या नातीला घेऊन ही जत्रा पाहण्यास गेलो. आम्ही डोंबिवलीस राहतो. गिरगावातली खोली भावाभावांत पुरेनाशी झाली, तेव्हा आम्ही तिकडे गेलो. मुंबईत जन्मलेली जी हजारो कुटुंबे आता मुंबईबाहेर राहून मुंबईचा अभिमान बाळगतात, त्यांतलेच आम्ही एक. रविवार असल्यामुळे मेगाब्लॉक होता. रुळांची डागडुजी रविवारीच करावी लागते, त्याला इलाज नाही. पण शहराने लोकांना उत्सवाला बोलवावे आणि नेमकी त्याच दिवशी गाड्यांची संख्या कमी असावी, यातली गंमत उपनगरातल्या माणसालाच कळते. नातीने उभ्याउभ्या ठाण्यापर्यंत दोन लाडू संपवले.

जत्रा मात्र देखणी होती. रस्ता माणसांनी फुललेला. मातीची भांडी, हातमागाची कापडे, लाकडी खेळणी यांचे गाळे. एका मंचावर भरतनाट्यम्, पलीकडे मुलांसाठी गोष्टी. १९५२ पासून उभी असलेली जहांगीर कलादालनाची इमारत आणि तिच्या बाहेरच्या पदपथावर चित्रे मांडून बसलेले चित्रकार. महोत्सवातल्या कार्यक्रमांना तिकीट नाही. ज्या घरातले कोणी आयुष्यात कलादालनाची पायरी चढले नसेल, त्या घरातली मुले येथे चित्रापुढे उभी राहून वाद घालताना मी पाहिली. आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या काळा घोडा असोसिएशनने हा महोत्सव चालवला तो केवळ करमणुकीसाठी नव्हे. त्यातून उभा राहणारा पैसा या परिसराच्या जतनासाठी वापरावा, असा तिचा हेतू आहे. तेव्हा 'हे श्रीमंतांचे चोचले' असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांत मी नाही.

माझी तक्रार दुसरीच आहे. त्या दुपारी आम्ही एका पायी सहलीत सामील झालो. वाट दाखवणारा तरुण उत्साही होता, अभ्यासू होता. तो इंग्रजीत बोले, मधूनच हिंदीत. मराठीत एकदाही नाही. त्याने आम्हांला इमारतीमागून इमारत दाखवली. ही अमक्या दात्याची, ही तमक्या गव्हर्नराच्या काळातली, हिचा आराखडा अमक्या साहेबाचा. दीड तास हेच चालले. शेवटी मी विचारले, "पण हे दगड घडवले कोणी?" तो घटकाभर थांबला आणि हसून पुढच्या इमारतीकडे वळला.

आता हे काही अज्ञात रहस्य नव्हे. बोरीबंदरच्या स्थानकाचे शिल्पकाम सर ज. जी. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. स्टीव्हन्ससाहेबाच्या हाताखाली या स्थानकाच्या बांधकामावर अभियंता म्हणून राबलेले सीताराम खंडेराव वैद्य हे आपलेच होते. आणि शहर असे पायी हिंडून, डोळे उघडे ठेवून वर्णन करण्याची कल्पना तरी कुठे नवी आहे? गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्येच प्रसिद्ध झाले. माडगावकर मूळचे गोव्याचे. त्यांनी साहेबांचे बंगले पाहिले तसे बाजार पाहिले, गल्ल्या पाहिल्या, नाना जातींचे आणि नाना धंद्यांचे लोक पाहिले. आजच्या सहलींत जी गोष्ट मला उणी वाटते ती हीच: त्यांत इमारती आहेत, माणसे नाहीत. आणि ज्या अभिमानात माणसे नाहीत तो पाहुण्याचा अभिमान होय. पाहुणा यजमानाच्या दिवाणखान्याची स्तुती करतो. गळका नळ दुरुस्त करण्याचे त्याच्या मनातही येत नाही.

आम्ही शेवटी घोड्यापाशी आलो. पुष्कळ लोक त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढून घेत होते. नातीने बराच वेळ मान वर करून पाहिले आणि विचारले, "आजोबा, याच्यावर बसणारा कुठे गेला?"

मी तिला युवराजाची गोष्ट सांगितली. तिचे समाधान झाले नाही. "तो गेला ते बरे झाले. पण मग आता हा घोडा कोणाचा?"

"आपला सगळ्यांचा," मी म्हणालो.

"मग सगळे त्याच्यावर बसणार कसे?"

लहान मुलांच्या प्रश्नाला उत्तर नसले की मोठी माणसे त्यांना आइस्क्रीम घेऊन देतात. मीही तेच केले. परंतु परतीच्या वाटेवर बोरीबंदरकडे येताना महापालिकेच्या इमारतीसमोर आलो आणि तो प्रश्न पुन्हा माझ्यापुढे उभा राहिला. त्या इमारतीसमोर सर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा आहे. १८८८ चा मुंबई महापालिकेचा कायदा घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते हे गृहस्थ. ते घोड्यावर नाहीत. दोन पायांवर उभे आहेत. शहराचा कारभार शहरातल्या लोकांनी निवडलेल्या माणसांनी करावा, या एका गोष्टीसाठी त्या पिढीने सरकारशी किती वाद घातले, किती सभा घेतल्या! त्यांच्या लेखी नगराभिमान याचा अर्थ तोच होता.

आणि त्या दिवशी, मी उभा होतो तेव्हा, त्या इमारतीत लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली होती, निवडणूक झालेली नव्हती आणि शहराचा कारभार प्रशासक पाहत होते. तो प्रकार पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ चालला. प्रशासकांनी काम बरे केले की वाईट, हा माझा प्रश्न नाही. माझा प्रश्न एवढाच की, तिथून थोड्याच अंतरावर आम्ही हजारो लोक शहराच्या अभिमानाचा उत्सव साजरा करत होतो, त्यांतल्या किती जणांना याची रुखरुख होती? मला स्वतःला तरी ती पुतळ्यासमोर येईपर्यंत कुठे होती? बिनस्वाराच्या घोड्याचे आम्ही कौतुक करत होतो. शहरही तसेच उभे आहे, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

म्हणून या रविवारच्या उत्सवांविषयी माझे मत सांगतो. उत्सव वाईट नाहीत. ते अपुरे आहेत. पाहणे ही अभिमानाची पहिली पायरी आहे, आणि आपण त्या पायरीवरच सतरंजी अंथरून बसलो आहोत. पुढच्या पायऱ्या चढणारे लोकही या शहरात आहेत. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यामागे तिथल्या रहिवाशांच्या संस्थांची अनेक वर्षांची चिकाटी होती. तक्ते करणे, अर्ज लिहिणे, कचेऱ्यांत खेटे घालणे, या कामात गाणे नसते आणि टाळ्याही नसतात. ते सोमवारी करायचे काम आहे. रविवारचा अभिमान खरा की खोटा, हे सोमवारी कळते.

पुढच्या रविवारी नातीच्या हट्टापायी राणीच्या बागेत गेलो. त्याचे कागदावरचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तिला अर्थात पेंग्विन पाहायचे होते, मला जुना घोडा. आधी पेंग्विन झाले. मग झाडांच्या सावलीत तो युवराज भेटला, अजून खोगिरावर ताठ बसलेला. शेजारी संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडास नेण्याच्या खटाटोपात तो पडून फुटला आणि १९१४ मध्ये त्याचे तुकडे पुन्हा जोडण्यात आले, ही कथा मी नातीला सांगितली. कोणी तरी बसून एकेक तुकडा जोडला, हे तिला फार आवडले. "त्याचे नाव काय?" तिने विचारले. मला ते सांगता आले नाही.

वाचकहो, दिवाळीची सुट्टी आहे. मुलांना घेऊन आपापल्या शहरात हिंडा. मुंबईतच हिंडले पाहिजे असे नाही. पुणे, नागपूर, सोलापूर, कोठेही हिंडा. इमारती दाखवा, पुतळे दाखवा आणि भेळही खाऊ घाला. फक्त परतताना वाट थोडी वाकडी करून त्यांना महापालिकेची किंवा नगरपालिकेची इमारत दाखवा, आणि आपल्या वॉर्डातून तेथे कोण बसते ते नाव सांगा. नाव आठवत नसेल तर मुलांसमोर तसे कबूल करा आणि सुट्टी संपायच्या आत ते शोधून काढा. मीही तेच करतो आहे. डोंबिवलीतल्या माझ्या वॉर्डाचे उत्तर मला नातीला अजून द्यायचे आहे.