रोजच्या मालिकेतला नट

मराठी दूरचित्रवाणीवरचा अभिनय नाटकवाल्यांनी घडवला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा कॅमेऱ्यापुढे उभे करायला हाताशी होते ते बहुतेक रंगभूमीवरचे नट. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची त्यांना सवय. तो आवाज हातभर अंतरावरच्या कॅमेऱ्यासाठी उतरवणे हे पहिल्या पिढीचे मोठे काम होते. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरच्या ‘चिमणराव’ मालिकेत दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ते सहज केले. चिमणरावांची भित्री लगबग आणि गुंड्याभाऊंचा रांगडा सरळपणा यांची जोडी जमली ती दोघे एकमेकांचे ऐकत होते म्हणून. समोरचा बोलत असताना आपल्या चेहऱ्यावर काय चालले आहे, यावरच पुढे छोट्या पडद्यावरचा नट जोखला जाऊ लागला.

प्रभावळकरांनी हीच गोष्ट ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्ये अधिक बारकाईने केली. त्यांच्याच ‘अनुदिनी’ या सदरावर आधारलेली आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००१ साली सुरू झाली. १९४४ साली जन्मलेले प्रभावळकर तेव्हा साठीलाही पोचले नव्हते, पण त्यांनी साकारलेल्या गंगाधर टिपरे ऊर्फ आबांचे म्हातारपण नुसत्या वाकलेल्या पाठीत राहिले नाही. घरात आपले कोणी ऐकत नाही हे कळूनही त्याचा बाऊ न करणारा, मधूनच नातवाच्या बाजूने खोडी काढणारा म्हातारा त्यांनी उभा केला. राजन भिसे, शुभांगी गोखले, विकास कदम आणि रेश्मा नाईक यांनी त्यांच्याभोवती खरे वाटणारे घर बांधले. शुभांगी गोखले यांची श्यामला म्हणजे मध्यमवर्गीय सुनेची तारांबळ. ती कुठेही भडक होत नाही. मालिका आठवड्यातून एकदा दिसे, त्यामुळे संहितेला आणि नटाला श्वास घ्यायला जागा होती. अभिनयाच्या दृष्टीने मराठी मालिकांचा हा सर्वांत समाधानकारक काळ म्हणावा लागेल.

ही जागा पुढे रोजच्या मालिकांनी आकसली; वाहिन्या त्याआधीपासूनच वाढू लागल्या होत्या. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा टीव्ही मराठी सुरू झाले, मागोमाग ई टीव्ही मराठी आणि २००८ मध्ये स्टार प्रवाह. ‘आभाळमाया’तली सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी, ‘अवंतिका’तली मृणाल देव-कुलकर्णी, ‘वादळवाट’मधली अदिती सारंगधर यांची वकील रमा या नायिकांना मान वर करून बोलण्याचा अधिकार होता. ‘चार दिवस सासूचे’ मात्र तीन हजारांहून अधिक भाग चालली, आणि रोहिणी हट्टंगडी यांच्यासारख्या, रिचर्ड अॅटनबरोच्या ‘गांधी’त कस्तुरबा साकारलेल्या अभिनेत्रीला वर्षानुवर्षे एकाच घराच्या भानगडी सोडवत बसावे लागले. हट्टंगडींची ताकद त्यांच्या आवाजात आहे. सूर न चढवता खोलीतल्या सगळ्यांना गप्प करता येईल असा तो आवाज. रोजच्या मालिकेने तो वापरला, वाढवला नाही.

रोजच्या मालिकेचे काम वेगळ्याच गतीने चालते. सीन हातात पडतो तो कित्येकदा त्याच दिवशी, सेटवर. तालीम म्हणजे मेकअप चालू असताना संवाद डोळ्यांखालून घालणे. एका धक्कादायक वाक्यानंतर प्रत्येक पात्राची प्रतिक्रिया स्वतंत्रपणे टिपली जाते आणि संगीताच्या ठोक्यावर तीच तीच दाखवली जाते. टीआरपी घसरला की ट्रॅक बदलतो. काल समजूतदार असलेला दीर आज कारस्थानी होतो. नटाला आपले पात्र पुढच्या महिन्यात कोण असेल हे ठाऊक नसते. अशा वेळी चांगला नट स्वतःपुरता एक कणा ठरवून ठेवतो आणि लेखन कुठेही वाहत गेले तरी तो सोडत नाही.

मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती याचे ठळक उदाहरण. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. मूळ कथा बंगाली ‘श्रीमोयी’ची, तिच्यावरूनच हिंदीत ‘अनुपमा’ आली. मधुराणी मुळात गायिकाही असल्यामुळे शब्द कुठे सोडायचा आणि कुठे धरून ठेवायचा याचे भान त्यांच्या बोलण्यात दिसते. घटस्फोटाच्या प्रसंगांत अरुंधती रडण्यापेक्षा थांबते जास्त, आणि तिचा नवरा, मिलिंद गवळी यांचा अनिरुद्ध, त्या थांबण्याने चिडतो. गवळींच्या कामाला म्हणावी तितकी दाद मिळाली नाही. स्वतःला कायम बरोबर समजणारा पुरुष त्यांनी खलनायक न करता रंगवला, म्हणून तो अनेक घरांत ओळखीचा वाटला. पुढे मालिका ताणली गेली, अरुंधतीवर संकटांची रांग लागली, तरी मधुराणी यांचा सूर फारसा ढळला नाही.

सुबोध भावे यांना ‘तुला पाहते रे’मध्ये (२०१८-१९) उलट संधी मिळाली. विक्रांत सरंजामे हा मृदू, आर्जवी उद्योजक उत्तरार्धात गजेंद्र पाटील म्हणून उघडा पडतो. भावे यांनी दोन्हींसाठी हास्य तेच ठेवले. त्याचा अर्थ मात्र बदलला. शेवट डोळ्यांसमोर असलेली मालिका नटाला काय देऊ शकते ते इथे दिसते. सतीश राजवाडे यांच्या ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’मध्ये मुक्ता बर्वे यांनाही मर्यादित लांबीचा असाच फायदा झाला.

एरवी नायक-नायिकांच्या वाट्याला चांगुलपणाखेरीज फारसे काही येत नाही, आणि सतत चांगले असणे हा नटाला मोठा जाच आहे. तेजश्री प्रधान यांच्यासारखी सहज बोलणारी अभिनेत्री त्यातूनही वाट काढते. बाकीच्यांचे चेहरे काही महिन्यांत एकसारखे दिसू लागतात. खरी मजा दुसऱ्या फळीत आहे. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली रसिका सुनील यांची शनाया दुष्ट कमी आणि लाडावलेली जास्त होती, त्यामुळे तिची वाट पाहिली जाई.

त्याच मालिकेत अनिता दाते यांनी राधिकाच्या तोंडी नागपूरकडची बोली ठेवली आणि नायिकेला पुणेरी प्रमाणभाषेच्या बंधनातून सोडवले. बोली ही मराठी नटाची सर्वांत मोठी जमा आहे. ‘तुझ्यात जीव रंगला’ने कोल्हापूरची भाषा आणली, तर सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणी घराघरांत नेली. या मालिकेच्या पहिल्या पर्वात (२०१६) अण्णा नाईक आरंभीच मरतात. दुसऱ्या पर्वात कथा मागे गेली आणि माधव अभ्यंकर यांनी तो माणूस जिवंत केला. वटारलेले डोळे, संथ चाल आणि रोखून पाहताना वाढत जाणारी धास्ती. अण्णा ओरडतात तेव्हा भीती वाटत नाही; ते गोड बोलू लागले की वाटते. अपूर्वा नेमळेकर यांच्या शेवंताने त्या दहशतीला तोडीस तोड लावण्य दिले आणि शकुंतला नरे यांच्या माईने सोसण्याला कडवटपणाची धार दिली.

बोलीचा दुसरा आखाडा विनोदी कार्यक्रमांचा. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये भाऊ कदम काहीही न करता हशा मिळवत, तर भारत गणेशपुरे यांचा वऱ्हाडी हेल वाक्य संपण्याआधीच काम करून जाई. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’त समीर चौघुले शरीराने विनोद करतात, नम्रता संभेराव क्षणात वय बदलतात आणि ओंकार भोजने यांच्यामुळे कोकणी ढंगाला नवा प्रेक्षक मिळाला. अरुण कदम यांचा आगरी ‘दादूस’ मुंबईच्या उत्तरेला खाडीपलीकडच्या प्रेक्षकाला घरचा वाटतो. पण आगरी बहुतेक वेळा हसण्यापुरतीच येते. वसई तालुक्यातल्या सामवेदी, वाडवळी किंवा मांगेली बोलींना तर तेवढीही जागा क्वचितच मिळते. त्याच तालुक्यातल्या नायगाव परिसरात मालिकांचे सेट उभे राहतात, तिथे कथा मात्र दुसऱ्याच गावच्या असतात.