जनुकचाचणीची परिभाषा : एक आक्षेप

आनुवंशिक रोगांवरील मराठी लेखनात ‘चाचणीत दोष आढळला’ असे वाक्य वारंवार येते. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे; परंतु कोणत्या चाचणीने नेमके काय पाहिले, हे त्यातून कळत नाही. सिकलसेल या रोगाच्या आधारे हा आक्षेप स्पष्ट करता येईल.

या रोगाचे मूळ एका अक्षराच्या बदलात आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो आणि ग्लुटामिक आम्लाचे स्थान व्हॅलिन घेते. रोगी हिमोग्लोबिनची विद्युतक्षेत्रातील चाल निराळी असते, हे पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले. एका अमिनो आम्लाचा फरक इन्ग्रम यांनी १९५७ साली निश्चित केला. १९८५ साली पीसीआर पद्धतीचा पहिला प्रसिद्ध झालेला उपयोगही याच रोगाच्या निदानासाठी होता.

प्राथमिक तपासणीत विद्राव्यता चाचणी वापरतात. द्रावण गढूळ झाले, तर ‘एस’ हिमोग्लोबिन आहे एवढेच ठरते. ते एका पालकाकडून आले की दोघांकडून, हे ठरत नाही. त्यासाठी विद्युतसंचलन किंवा एचपीएलसी लागते. तेथेही एका पालकाकडून सिकलसेलचे व दुसऱ्याकडून तीव्र बीटा थॅलेसेमियाचे जनुक आले असता आलेख दोन ‘एस’ जनुकांच्या आलेखासारखाच दिसू शकतो. भाषेतील समरूप शब्दांप्रमाणे येथे रूप एक आणि व्युत्पत्ती दोन असतात. अशा वेळी आईवडिलांची तपासणी किंवा डीएनएचे परीक्षण करावे लागते.

डीएनए परीक्षणालाही मर्यादा आहेत. ठरावीक उत्परिवर्तने शोधणारी चाचणी विचारलेल्या प्रश्नापुरतेच उत्तर देते. सिंधी समाजातील थॅलेसेमियात ६१९ जोड्यांचा लोप वारंवार आढळतो. त्याचा शोधच घेतला नाही, तर ‘उत्परिवर्तन नाही’ हा निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरेल.

‘वाहक’ ही संज्ञा तर अधिकच घातक आहे. डासाला आपण ‘रोगवाहक’ म्हणतो. भिवपुरीच्या आसपासच्या एखाद्या ठाकूर वा कातकरी वाडीवर मुलीला ‘वाहक’ म्हटले, तर ती रोग पसरविते असा अर्थ घेतला जाण्याचा आणि तिचे लग्न अडण्याचा संभव आहे. वस्तुतः एकच ‘एस’ जनुक असलेली व्यक्ती सामान्यतः निरोगी असते. जोडीदारही तसाच असेल, तर प्रत्येक गरोदरपणी मुलाला हा रोग होण्याची शक्यता चारांत एक असते.

म्हणून ‘वाहक’ऐवजी ‘एकजनुकधारी’ म्हणावे आणि अहवालात चाचणीचे नाव, तिने विचारलेला प्रश्न व अनुत्तरित राहिलेला भाग यांचा स्वतंत्र उल्लेख असावा. हे काम परिभाषा घडविणाऱ्यांचे आहे. ते केवळ प्रयोगशाळांवर सोपवून चालणार नाही.