निरीश्वरवाद आणि जडवाद

ईश्वर नाहीं असें जो म्हणतो त्याला विश्वांत जड द्रव्याखेरीज दुसरें कांहींच दिसत नाहीं, आणि मनुष्याची जाणीव ही मेंदूंतील रसायनांची खळबळ यापलीकडे कांहीं नव्हे असें तो मानतो, ही समजूत आपल्या सुशिक्षित समाजांत इतकी रुळली आहे कीं तिच्याविषयीं कोणी शंकाच घेत नाहीं. ईश्वरवादी तिचा उपयोग दूषण देण्यासाठीं करतो; निरीश्वरवादी तीच भूषण म्हणून मिरवितो. भांडणाऱ्या दोन पक्षांचें ज्या एका गोष्टीवर एकमत असतें ती बहुधा कोणीच तपासलेली नसते. म्हणून या समजुतीचा थोडा परामर्श घ्यावा असें आम्हांस वाटतें.

निमित्त झालें तें टॉमस नेगेल या अमेरिकन तत्त्वज्ञाच्या 'माइंड अँड कॉसमॉस' या पुस्तकाचें पुनर्वाचन. हें पुस्तक २०१२ सालीं ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयानें प्रसिद्ध केलें. आकारानें तें लहान, दीडशें पानांच्या आंतलें. पण डार्विनच्या परंपरेंतील जडवादी सृष्टिकल्पना जवळजवळ निश्चितपणें खोटी आहे, अशी ग्वाही तें मुखपृष्ठावरच देतें. गंमत अशी कीं ग्रंथकार स्वतः निरीश्वरवादी आहेत. १९९७ च्या 'द लास्ट वर्ड' या ग्रंथांत त्यांनीं आपण ईश्वर मानीत नाहीं एवढेंच सांगितलें नव्हतें. तो नसावा अशी आपली इच्छाच आहे, हेंही मोकळेपणानें कबूल केलें होतें. तेव्हां हें पुस्तक निघतांच शत्रूच्या गोटांतील एक मोहरा आपल्याकडे आला म्हणून ईश्वरवाद्यांनीं आनंद मानला, आणि शास्त्रीय वळणाच्या टीकाकारांनीं फितुराला शासन करावें अशा सुरांत त्याच्यावर झोड उठविली. ग्रंथकार मात्र होते तेथेंच उभे होते.

त्यांचें मूळचें म्हणणें १९७४ सालच्या वटवाघळावरील प्रसिद्ध निबंधांत आहे. वटवाघूळ तीक्ष्ण ध्वनि सोडतें आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून वाटेंतील वस्तूंचें अंतर व आकार ओळखतें. त्याच्या कानाची रचना, मेंदूची रचना, ध्वनीची कंपनसंख्या, हें सर्व आपण शेवटच्या तपशिलापर्यंत जाणलें, तरी त्या प्राण्याला स्वतःला तें ऐकणें कसें वाटतें हें त्या माहितींत कोठेंच येत नाहीं. इतक्या दूर जाण्याचेंही कारण नाहीं. दुखऱ्या दाढेविषयीं दंतवैद्याला रोग्यापेक्षां शतपट अधिक ज्ञान असतें. परंतु ठणका रोग्याचाच असतो, आणि दंतवैद्याच्या ज्ञानांत कितीही भर घातली तरी त्या ज्ञानाला ठणका लागत नाहीं. पदार्थविज्ञानानें सतराव्या शतकापासून जी अपूर्व प्रगति केली ती रंग, गंध, रुचि यांचा अनुभवाचा भाग बाजूस ठेवून, मोजतां येईल तेवढ्याचाच हिशेब करून केली. जें प्रारंभींच वहींतून वगळलें तें शेवटीं बेरजेंत आलें नाहीं, यांत आश्चर्य तें कोणतें? या सबंध युक्तिवादांत ईश्वराला कोठेंही साक्षीला बोलाविलेलें नाहीं, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें.

जाणिवेवरील हें प्रकरण आम्हांस पुस्तकांतील सर्वांत सकस वाटलें. उत्क्रांतीविषयीं मात्र नेगेल जें लिहितात तें त्यांच्या कीर्तीला शोभत नाहीं. यदृच्छेनें घडणारे बदल आणि नैसर्गिक निवड यांतून एवढी जीवसृष्टि निर्माण झाली असेल हें सामान्य बुद्धीला पटत नाहीं, असें ते म्हणतात. सामान्य बुद्धीला पृथ्वी फिरते हेंही पुष्कळ दिवस पटत नव्हतें. निवड म्हणजे यदृच्छा नव्हे, उलट यदृच्छेला लावलेली ती चाळण आहे, हा या शास्त्राचा पहिला धडा. त्याला उत्तर द्यावयाचें तर जीवशास्त्राच्या आधारानेंच द्यावयास हवें होतें. तें न करतां, सृष्टीमागें बुद्धिमान योजक आहे असें प्रतिपादणाऱ्या लेखकांच्या आक्षेपांविषयीं सहानुभूति दाखवून ते थांबतात. याहून मोठी उणीव त्यांच्या पर्यायांत आहे. योजकाशिवायही निसर्गाचा कल मुळांतच जीव, जाणीव व विवेक यांच्याकडे असावा, असें ते सुचवितात. तो कल कोठें आढळतो, कशानें मोजावा, तो नसता तर सृष्टि कशी वेगळी दिसली असती, याचा पत्ता नाहीं. हुंडी लिहिली आहे खरी, पण तिच्यावर रकमेचा आंकडा घालावयाचा राहिला आहे.

तथापि ईश्वर नाकारून जडवादही नाकारणारा मनुष्य पाश्चात्य वाचकांना जो एवढा अजब प्राणी वाटला, तसा तो आपल्याला वाटण्याचें कारण नाहीं. आपल्या दर्शनांत अशांचीच दाटी आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकांत जगाची उपपत्ति लावतांना ईश्वराला जागाच ठेवलेली नाहीं. तरीही चेतन पुरुष आणि अचेतन प्रकृति हीं दोन तत्त्वें तेथें आरंभापासून वेगळीं आहेत. शिवाय सांख्यांनीं बुद्धि, अहंकार आणि मन हीं तिन्ही प्रकृतीच्या पदरांत टाकलीं, ही गोष्ट आजच्या वादांत फारच उद्बोधक आहे. विचार करणें, आठवणें, निश्चय करणें हा सारा अचेतनाचा व्यापार. त्याचें ज्याला भान होतें तो मात्र निराळा. डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञानें १९९५ च्या एका निबंधांत मेंदूच्या क्रियांचे 'सोपे' प्रश्न आणि भानाचा 'अवघड' प्रश्न अशी विभागणी केली व तिची जगभर चर्चा झाली. त्या विभागणीची रेषा सांख्यांच्या रेषेच्या अगदीं जवळून जाते. दोन्ही एकच आहेत असें मात्र म्हणवत नाहीं. सांख्यांना मोक्ष हवा होता, चामर्स यांना उपपत्ति हवी आहे.

कुमारिल भट्टानें श्लोकवार्तिकांत जगत्कर्त्याच्या कल्पनेचे असे वाभाडे काढले आहेत कीं आजच्या कोणत्याही नास्तिकाला हेवा वाटावा, आणि त्याच ग्रंथांत त्यानें आत्म्याचें मंडनही केलें आहे. जैनांना जगत्कर्ता मान्य नाहीं, जीव मान्य आहे. बौद्धांना तर ईश्वरही नको आणि नित्य आत्माही नको. तरी धर्मकीर्तीनें प्रमाणवार्तिकाच्या ज्या प्रकरणांत ईश्वराचें खंडन केलें त्याच प्रकरणांत, मन देहापासूनच उपजतें या मताचेंही खंडन केलें आहे.

राहतां राहिला चार्वाक. किण्वापासून मद्याची मादकशक्ति उपजावी तसें पृथ्वी, जल, तेज, वायु या चार भूतांपासून चैतन्य उपजतें, हें त्याचें मत माधवाचार्यांच्या चौदाव्या शतकांतील सर्वदर्शनसंग्रहांत पहिल्याच प्रकरणांत येतें. ज्याला आज आपण जडवादी म्हणतों असा निरीश्वरवादी खरोखर हाच. परंतु त्याच्याही घरीं एकमत नव्हतें. भूतांपासून चैतन्य, एवढेंच सांगणाऱ्या मूळ सूत्रांत क्रियापद गाळलेलें होतें. तेव्हां चैतन्य 'उत्पन्न होतें' म्हणावयाचें कीं 'प्रकट होतें', यावरून टीकाकारांत दोन तट पडले, अशी नोंद कमलशीलानें करून ठेवली आहे. दोन क्रियापदांतील हें अंतर लहान नव्हे. उत्पन्न होतें म्हटलें तर जें मुळांत नव्हतेंच तें नव्यानें आलें; प्रकट होतें म्हटलें तर तें भूतांतच कोणत्या तरी रूपानें दडून होतें. आज द्रव्याच्या कणाकणांत जाणिवेचा अंश मानणारा जो एक पक्ष पाश्चात्य तत्त्वज्ञानांत पुढें आला आहे, त्याच्या भांडणाचें बीज येथें सांपडतें.

आणि जयराशि भट्टाचा तत्त्वोपप्लवसिंह! पाटण येथील ग्रंथभांडारांत सांपडलेल्या पोथीवरून हा ग्रंथ १९४० सालीं बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत छापला गेला. लोकायतांशीं नातें सांगणारा हा एक ग्रंथ बऱ्याच अंशीं सबंध असा हातीं लागला, आणि त्यांत पाहावें तों जयराशि प्रत्यक्षासकट सर्व प्रमाणांचा धुव्वा उडवितो व मग चार भूतें तरी कशावरून सिद्ध, असें विचारतो. जडवादाचा म्हणून बोलाविलेला साक्षीदार ऐन वेळीं जड पदार्थाविषयींही साक्ष देण्यास नकार देतो.

मग गल्लत झाली कोठें? आमच्या मतें ती बरीचशी शब्दांनीं केली आहे. 'नास्तिक' हा शब्द आपण आज देव न मानणारा या अर्थीं वापरतों. पण मनूनें वेदनिंदकाला नास्तिक म्हटलें, आणि पाणिनीच्या सूत्राचा अर्थ लावतांना काशिकाकारांनीं परलोकावरील विश्वासाची कसोटी धरली. मनूच्या कसोटीनें निरीश्वर मीमांसक अव्वल आस्तिक ठरतो! वेद, परलोक, आत्मा आणि ईश्वर यांविषयींचे चार निरनिराळे नकार एकाच पोतडींत कोंबल्यावर, त्यांतला एक बाहेर काढतांना बाकीचे त्याच्या मागोमाग ओढले जाणारच.

'जडवाद' या शब्दानें तर याहून अधिक घात केला आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या पंडितानें आपल्या पुस्तकाला तेंच नांव दिल्यामुळें तो मराठींत प्रतिष्ठित झाला. पण 'जड' म्हणजे आपल्या शास्त्रपरंपरेंत अचेतन. तेव्हां जडापासून चैतन्य कसें होईल, हा प्रश्न अचेतन तें चेतन कसें असेल असा होऊन बसतो, आणि विचारण्यापूर्वींच त्याचा निकाल लागतो. इलेक्ट्रॉन किंवा विद्युच्चुंबकीय क्षेत्र यांच्या शास्त्रीय व्याख्येंत 'अचेतन' हा शब्द कोठेंही नाहीं. तो आपण आपल्या पदरचा घालतों. मानवेंद्रनाथ रॉय हे कट्टर भौतिकवादी, पण आपल्या मताचें रूढ इंग्रजी नांव त्यांनाही गैरसमज वाढविणारें वाटे, आणि भौतिक वास्तववाद अशा अर्थाचें नांव ते अधिक पसंत करीत. आम्हीही यापुढें 'भौतिकवाद' असेंच म्हणूं.

द्रव्याविषयींचा हा मुद्दा बर्ट्रंड रसेल यांनीं फार चांगला ओळखला होता. १९२७ च्या मार्चमध्यें त्यांनीं लंडन येथें आपण ख्रिस्ती कां नाहीं या विषयावर व्याख्यान दिलें. आपल्याकडील निरीश्वरवादी तरुणांच्या कपाटांत तें हमखास सांपडतें. त्याच वर्षीं त्यांचा 'द ॲनॅलिसिस ऑफ मॅटर' हा ग्रंथ निघाला. तो मात्र त्या कपाटांत सहसा नसतो. पदार्थविज्ञान द्रव्याची केवळ रचना सांगतें, द्रव्य स्वतः काय आहे तें सांगत नाहीं, आणि मन व द्रव्य ही एकाच तटस्थ उपादानाची दोन प्रकारची मांडणी असूं शकेल, अशी त्यांची विचारसरणी होती. केंब्रिजचे मॅक्टॅगर्ट (१८६६–१९२५) तर ईश्वर साफ नाकारून आत्म्याचें अमरत्व आणि पुनर्जन्मही मानीत. याच्या अगदीं उलट उदाहरण जोसेफ प्रीस्टली यांचें. १७७४ सालीं प्राणवायु वेगळा करून दाखविणारे हे शास्त्रज्ञ पेशानें ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, आणि १७७७ च्या ग्रंथांत त्यांनीं मनुष्याला देहाहून निराळा अभौतिक आत्मा नाहीं असें प्रतिपादिलें. मेलेला मनुष्य ईश्वर पुन्हां उठवील अशी त्यांची श्रद्धा होती. त्याला आत्म्याची आडकाठी काय आणि गरज काय? म्हणजे देव आहे पण आत्मा नाहीं, आणि आत्मा आहे पण देव नाहीं, हीं दोन्ही घरें भरलेलीं आहेत.

एवढ्यावरून भौतिकवाद खोटा ठरला असें मात्र कोणीं समजूं नये. १८४६ च्या ऑक्टोबरांत बोस्टन येथें इथरची वाफ देऊन शस्त्रक्रिया करून दाखविण्यांत आली. तेव्हांपासून, चार श्वासांत सारें भान मावळतें आणि औषध उतरलें कीं परत येतें, हें जग रोज पाहत आहे. १८४८ सालीं फिनिअस गेज या अमेरिकन मुकादमाच्या डोक्यांतून लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, पण त्याचा स्वभाव पालटला, असें त्याच्या डॉक्टरांनीं लिहून ठेवलें. आत्मा सर्वस्वी वेगळा मानणाऱ्यांनीं याचा जबाब दिला पाहिजे. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनें १६४३ सालीं देकार्तला पत्रानें विचारलें कीं अभौतिक आत्मा देहाला हलवितो तो कसा. त्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर आमच्या वाचनांत अद्याप आलेलें नाहीं. तत्त्वज्ञांत भौतिकवादाचें पारडें आजही जड आहे. २०२० सालीं झालेल्या 'फिलपेपर्स' पाहणींत मनाविषयीं शेंकडा सुमारें ५२ तत्त्वज्ञ भौतिकवादाकडे व ३२ त्याच्या विरुद्ध झुकले. ईश्वरवादाकडे मात्र शेंकडा १९ च होते. ते सगळे १९ त्या ३२ मध्यें घातले तरी शेंकडा तेरा उरतात. ते कोण, हें आतां वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

हा सर्व खटाटोप केवळ शब्दांचा असता तर आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. घरांतलें वडील माणूस जातें, मुलगा श्राद्धाला बसण्याचें नाकारतो, आणि मावशी विचारते, "म्हणजे तुझ्या लेखीं आई हाडामांसाचा गोळाच होती, होय ना?" तोही चिडून "होय" म्हणून जातो. दोघांच्याही मनांत तसें नसतें. त्यानें नाकारला होता तो विधि आणि विधीमागचा देव. कबूल करून बसला तें एक निराळेंच मत, ज्याचा त्यानें कधीं विचारही केलेला नसतो, आणि पुढें जन्मभर, तोंडून गेलें म्हणून, तेंच तो राखीत राहतो. मेंदूच्या रसायनानें जाणिवेचा उलगडा होत नाहीं असें दुसऱ्या एखाद्याला प्रामाणिकपणें वाटतें, तर त्याला लगोलग कोणत्या तरी महाराजांच्या मठाची वाट दाखविली जाते. त्याची शंका दाढेच्या ठणक्याविषयीं होती; तिच्यांत मठाचा संबंध कोठें आला?

नेगेल यांचें पुस्तक ज्यांना वाचावयाचें असेल त्यांनीं जाणिवेचें प्रकरण प्रथम वाचावें, आणि शेजारीं डॅनियल डेनेट (१९४२–२०२४) यांचा १९९१ चा 'कॉन्शसनेस एक्सप्लेन्ड' हा ग्रंथ ठेवावा. नेगेल ज्याला हिशेबांतून सुटलेली बाकी म्हणतील ती बाकी मुळांत नाहींच, आपल्या आंतल्या अनुभवाविषयींच्या आपल्या कल्पनाच फसव्या आहेत, असें डेनेट यांचें म्हणणें. आम्हांस तें पटलें नाहीं. ठणका हा भास आहे असें म्हटलें तरी भासही दुखतोच. पण मेंदूविषयींचे प्रयोग डेनेट यांनीं ज्या आस्थेनें समजावून दिले आहेत ती आस्था नेगेल यांच्या पुस्तकांत दिसत नाहीं. दोघांपैकीं कोणीही ईश्वर मानणारा नाहीं.